सावलीतला आकडा

पृथ्वीवरचं सगळं ऊन सावलीत मोजतात,
हे मला फार उशिरा कळलं.
छातीइतक्या उंचीवर झडपांची पांढरी पेटी,
तिचं दार सूर्याकडे पाठ करून उघडणारं,
आत पारा वारा खात बसलेला, पंचासारखा.
आणि तो ठरवणार
कोणत्या खंडात ऊन जास्त मी म्हणतं.

कॅलिफोर्नियात, फर्नेस क्रीकला,
लोक गाड्या थांबवून आकड्याशेजारी फोटो काढतात.
एक जण तर फरचा कोट घालून आला होता.
छप्पन पूर्णांक सात, सन एकोणीसशे तेरा,
त्यावरून तज्ज्ञांची अजून जुंपलेली.
जवळच टिंबिशांची थोडी घरं.
दारातल्या नळीने चिंचोळ्या वाफ्याला पाणी घालत
लोर्ना म्हणाली,
मृत्यूचं खोरं हे नाव वाट चुकलेल्यांनी ठेवलं
आणि ते निघून गेले.
आमच्या नावात गेरू आहे.
चेहऱ्याला लावायचा, तांबडा.

कुवेतमध्ये अकरा ते चार उन्हात काम बंद,
कायद्यानं.
सिल्हेटकडचा मोफज्जल कंटेनरच्या सावलीत पालथा पडून
मोबाईलवर गावच्या तळ्यातला पाऊस बघतो,
आवाज बंद करून, पैसे वाचावेत तशी बॅटरी वाचवत.
चार वाजून एक मिनिटानं सळई उचलतो.
सळईला कायदा कळलेला नसतो.

सिसिलीत अठ्ठेचाळीस पूर्णांक आठ झालं, त्या आठवड्यात
नून्त्सियो संत्र्याच्या बागेत वाकून काहीतरी वेचत होता.
गोगलगायी. कवचातच शिजलेल्या.
एक तळहातावर घेऊन म्हणाला,
ही घर पाठीवर घेऊन हिंडते,
म्हणजे पळून जायला जागाच नाही.
मग त्यानं ती पुन्हा होती तिथेच ठेवली,
नीट, तोंड बांधाकडे करून.

ऑस्ट्रेलियात ओपल शोधणारे जमिनीखाली राहतात.
ड्रागोल्युबच्या भिंतीला खिडकी नाही,
खिडकीचं चित्र आहे.
त्यात हिरवळ, आणि कुठल्यातरी नदीवरचा पूल.

चाकोच्या रानात, रिवादावियाकडे,
डिसेंबर म्हणजे शेंगा पिकण्याचे दिवस.
विचींची एउलोखिया आल्गारोबोखाली बसून शेंगा कुटते.
मी विक्रमाचं विचारलं, एकोणीसशे पाच सालचा.
ती म्हणाली, तेव्हा शेंगा गोड झाल्या असतील.

दलोलचा मात्र या यादीत नंबर नाही.
तिथलं ऊन एका दिवसाचा पराक्रम करत नाही.
ते सरासरीनं मारतं.
एके काळी तिथे वर्षभर नोंदी झाल्या :
चौतीसच्या वर,
पहाट धरून, हिवाळा धरून, झोप धरून.
समुद्रसपाटीच्या खाली, मिठाच्या खारट पाटावर
हुमेद कुऱ्हाडीनं लाद्या तासतो,
सगळ्या एका मापाच्या, डोळ्यांनी मापलेल्या.
बसायचं झालं तर उंटाच्या सावलीत बसतो.
उंट सरकला की हुमेद सरकतो.
त्याला विचारलं, सगळ्यात गरम दिवस कुठला?
बराच वेळ त्यानं हाताला लागलेलं मीठ झटकलं.
म्हणाला, कुठला धरू?
डोक्यावरचा की पायाखालचा?
मी वहीत काहीच लिहू शकलो नाही.
पेन्सिल गरम झाली होती, हे एक कारण.

शेवटचा आकडा सगळ्यात लहान.
अठरा पूर्णांक तीन.
एवढ्यात आपण पंखासुद्धा लावत नाही.
अंटार्क्टिकाचं टोक, एस्पेरान्सा तळ,
फेब्रुवारीतली दुपार.
सात वर्षांचा लाउतारो स्वेटर काढून उंबऱ्यावर उभा,
उघड्या दंडांकडे बघत, खूश.
पेंग्विन चिखलात.
मग तो थांबला, कान दिला,
आणि आत वळून आईला म्हणाला,
नळ कुणी उघडा ठेवलाय?