पालथा हात

परभणी, वसमत रोड. मे महिना, रात्रीचे अकरा.
वरचे पत्रे अजून दुपारचंच बोलताहेत.
टेबलावर काल जोडलेला पीसी,
एका अंगाची काच काढून भिंतीला टेकवलेली,
काच लावली की दोन डिग्री वाढतात म्हणून.
तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा मी अजून सोललेलं नाही.

अठरा महिने बियाणाच्या गोदामात
पोत्यांचे लॉट नंबर टाईप केले, त्यातून हा.
कॅबिनेट फहीमभाईच्या दुकानातलं, कोपरा चेपलेला, म्हणून स्वस्त.
ग्राफिक कार्ड जुनं, नांदेडचं,
येताना पूर्ण रस्ताभर मांडीवर होतं,
कंडक्टरनं विचारलं, काय गं, मिठाई का?

बायोसमध्ये शिरले.
गुणक सेहेचाळीस होता, अठ्ठेचाळीस केला. चालला.
पन्नास केला.
पडदा निळा.
मग व्होल्टेज एक चिमूट वर,
वरणात मीठ टाकावं तसं, चाखत.
परत निळा. परत चिमूट.
एकाच तव्यावरच्या भाकरी,
सगळ्याच कुठं फुगतात?
कुणाची चिप पन्नासला हसत जाते,
माझी कडेनंच करपायला लागली.

चौऱ्याऐंशी.
एक्क्याण्णव.
सत्त्याण्णव, आणि पंखे असे किंचाळले
की खाली ओट्यावरचं कुत्रं उठून भुंकलं.
तेवढ्यात शेजारची बोअरची मोटार सुरू झाली,
ट्यूब मिचकली,
स्टॅबिलायझर टक्क म्हणाला,
आणि सगळं काळं.

लाईट आली तेव्हा अप्पा जिन्यात उभे, बनियनवर.
चाळीस वर्षं जळक्या मोटारी भरणारे अप्पा,
बोटांच्या पेरांत व्हार्निश कायमचं मुरलेलं.
चालू कर म्हणाले, दुसरं काही नाही.
हात पालथा करून मागच्या जाळीशी धरला.
पालथाच धरायचा असतो, लहानपणी शिकवलेलं :
करंट असला तर मूठ मिटते,
पण वस्तूवर मिटत नाही.

"किती देऊलालीस?"
"एक पॉइंट पस्तीस व्होल्ट."
हसले. सेलाएवढ्या व्होल्टात एवढी आग?
मी अँपियर सांगितले. शंभराच्या वर.
हसू थांबलं.
स्टूल ओढून बसले.

"माय, कमी दिलं तरी जळतंय, जास्त दिलं तरी जळतंय.
तुला किती पायजे ते इचारू नको.
तिला इचार.
ती गुणगुणती. ऐकावं लागतंय."

मग आम्ही उतरत गेलो.
मी आकडे बघायची, ते डोळे मिटून कान द्यायचे.
गुणक अठ्ठेचाळीसवर, व्होल्ट एक पॉइंट तीस.
"धापा टाकूलालीय अजून."
पंचवीस.
"हं."
अठराला ती गप्पकन मेली,
अप्पा म्हणाले, "उपाशी मेली. वाढ थोडं."
एकवीस.
कसोटीचा प्रोग्रॅम लावला, तास, दीड तास.
अप्पांची मान छातीवर आली.
तीन चाळीसला पत्रे गार होताना कटकट वाजले,
आकडा एकोणऐंशीवर येऊन बसला
आणि तिथंच बसून राहिला.
मी पंख्याचा आवाज ऐकत होते की अप्पांचा श्वास,
ते मधेमधे कळत नव्हतं.

सकाळी दुकानात डबा द्यायला गेले.
लाल रजिस्टर उघडं होतं.
पाच एचपी सबमर्सिबल, गेज, वेढे, गिऱ्हाईक पिंगळीचं.
साडेसात एचपी, गेज, वेढे, गिऱ्हाईक झरीचं.
त्या दोघांच्या मधल्या ओळीत, त्यांच्याच तिरक्या अक्षरात :
घरची. अठ्ठेचाळीस. १.२१.
रात्री गार असताना तपासली.
दुपारी परत बघणे.
पैशांच्या रकान्यात एक आडवी रेघ.

गेम अजून उतरतोच आहे.
एकसष्ट टक्के.