चारशे बाराचा मरून

नव्या पेठेत, हत्तुरेच्या दुकानात,
भर दुपारी शटर अर्धं ओढून
आम्ही अंधार केला.
बाहेर त्रेचाळीस. आत कूलर,
त्याच्या पाण्याला गंजल्या पत्र्याचा वास.

येमूलशेठनी पिशवीतून
आधी चादर काढली, बजेट नंतर.
मरून. काठाला मोर. डिझाइन नंबर चारशे बारा.
"ही भिंतीवर दाखव," म्हणाले,
"पण हीच दाखव."

हत्तुरे आकडे सांगत सुटला :
ल्युमेन, काँट्रास्ट, दिव्याचे तास,
लेझर घ्या, वीस हजार तास बघायला नको.
शेठ ऐकत होते
सुताच्या दलालाचं ऐकतात तसं,
मान हलवत, हात न देता.
"पंख्याचा आवाज अजिबात नाही, शेठ."
आमची मीटिंगची खोली म्हणजे सुताचं जुनं गोदाम,
रुंदी अकरा फूट,
भिंतीपलीकडे चोवीस माग.
शेठ हसले फक्त.

पहिल्यावर मोर आला विटकरी.
दुसऱ्यावर जांभळा, आजारी.
तिसरा स्वस्त होता आणि लख्ख,
इतका लख्ख की वीणच दिसेना.
"उजेड जास्त म्हणजे चांगलंच की!"
"उजेड बाहेर फुकट पडलाय की बे," शेठ म्हणाले.
"मला मरून पाहिजे."

मल्लेशमकाका सोबत आले होते खोका उचलायला.
त्यांचे पंच करायचे हात
मी कॉम्प्युटरवर बसल्यापासून रिकामे.
हे मी कधी बोललो नाही, तेही नाही.
जुन्या जकार्डची तीन कार्डं, दोरीनं अजून जोडलेली,
ती हलवत ते वारा घेत होते,
आणि वारा घेता घेता
भिंतीजवळ, नेमके उजेडात आले.

मोर गेला.
भिंतीवर काळ्या पट्ट्या आणि त्यांत
भोकं, भोकं, उजेडाची,
काही ओळीनं, काही चुकल्यासारखी.
हत्तुरे म्हणाला, "काका, बाजूला."
काका बाजूला झाले नाहीत.
बोट भिंतीवर ठेवून म्हणाले,
"चारशे बारा. मोराची मान.
इथं एक भोक मी जादा पाडलंय.
सत्त्याऐंशी साली. कुणी बघितलं नाही."

मी चादर उचलली, काठ डोळ्यांजवळ नेला.
मानेवर एक टाका इकडचा तिकडे.
मी तो स्कॅन करून तसाच ठेवलाय
पंधरा वर्षं, डिझाइन समजून.

चौथा घेतला. थोडा मंद,
पण मरून तो मरून.
शेठनी तीन हजार तोडले.
हत्तुरेनं पडद्याचं काढलं,
"पडदा वेगळा लागेल, शेठ."
"पडदा?" शेठ म्हणाले. "आम्हाला?"

रिक्षात खोका माझ्या मांडीवर.
काकांनी कार्डं उन्हाला आडवी धरली होती.
'नाजूक, ही बाजू वर' या अक्षरांवर
उन्हाचे ठिपके हलत राहिले
अशोक चौकापर्यंत.
काका ते मोजत होते,
तोंडातल्या तोंडात, तेलुगूत.