चार महिन्यांची होडी

डुलुथच्या बंदराला एक पूल आहे, उचलता येणारा.
मी त्याच्या वरच्या खोलीत बसतो, रात्रपाळीला.
लेक सुपीरियरवरून जहाज भोंगा देतं,
मी उत्तर देतो, आणि शेकडो टन लोखंड
पातेल्यावरचं झाकण काढावं तसं वर जातं.
या कामाचा मला पगार मिळतो.
याच कामातून सुटायला मी तो साठवतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी पायच पोटाशी घेतले;
अंथरूण वाढत गेलं.
गाडी एकोणीस वर्षांची, डावं दार दोरीनं बांधलेलं.
केस आयला कापते, मासे साफ करायच्या कात्रीनं.
फेब्रुवारीत घर पंधरा अंशांवर,
मुलगी कानटोपी घालून जेवते.
किंमती मी डॉलरात वाचतच नाही, दिवसांत वाचतो:
बाहेरची कॉफी म्हणजे अकरा मिनिटं स्वातंत्र्य,
दाढेवरची टोपी नऊ दिवस.

एकदा सिग्नी, वय वर्षं सात,
दुकानात लाल स्केट्स हातात धरून म्हणाली,
"बाबा, हे तुझे किती दिवस?"
उत्तरासाठी थांबली नाही.
ठेवून दिले. जोडीनं, नीट, नाड्या आत खोचून.

मर्ल माझ्या आधी पोचला.
एक्कावन्नाव्या वर्षी आकडा गाठला, किल्ली टेबलावर ठेवली,
जगायचं ते नंतर, असं तो नेहमी म्हणायचा,
आणि आता ते नंतर आलंय.
रोज रात्री अकराला त्याचा फोन येतो:
"कुठलं आलं रे आज?"
मी जहाजाचं नाव सांगतो.
"हं," म्हणतो, "भरलेलं की रिकामं?"

मे महिन्यात बर्फ फुटला
आणि आयलानं मला न विचारता होडी आणली,
देवदाराची, एका म्हाताऱ्या सुताराकडून,
तळाला डिंकाचा वास.
मी मनातल्या मनात भागाकार केला,
पण ओठ हलले असणार.
"किती?" तिनं विचारलं.
"चार महिने."
"बरं. मग ते चार महिने इथूनच सुरू करू. धर ते टोक."

थेंबे थेंबे तळे साचे, हे मला पाठ होतं.
इथं तळं आधीच साचलेलं,
पलीकडचा काठ न दिसणारं,
आणि सोळा वर्षं मी त्याच्याकडे
फक्त वरून पाहिलं होतं.
पाणी इतकं गार की सिग्नीनं हात घातला
आणि शिवी दिली, आईची शिकलेली, फिनिश.
आम्ही इतके हसलो की होडी कलली.

आता वहीत एक रकाना वाढलाय.
नाव आयलाच्या अक्षरात: उगाच.
त्यात पहिली नोंद स्केट्सची,
दोन नंबर मोठे, कारण पाय काही
माझ्या हिशेबासाठी थांबले नव्हते.
दुसरी, घर अठरा अंशांवर.
बाकी रकाने आहेत तिथेच. कात्रीही तीच.
मी सुटणार आहे, नक्की सुटणार आहे,
सहा वर्षं आणि वर चार महिन्यांनी.

काल रात्री फोन आला.
"भरलेलं," मी म्हटलं. "काठोकाठ. मर्ल, ऐक,
रविवारी ये. हातमोजे आण. एक वल्हं जास्तीचं घेतलंय."
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही.
खाली जहाज सरकत होतं, दिव्यामागून दिवा.
मग त्यानं विचारलं,
"पुढं बसायचं की मागं?"