शिसपेन्सिल

पांझरेच्या काठी, पुलाच्या सावलीपलीकडं,
पालिकेच्या नकाशात जिथं 'मोकळी जागा' लिहिलं होतं
तिथं आम्ही एकशे त्र्याऐंशी चुली होतो.

द्वारका बैसाणे बाई आल्या तेव्हा मी नऊ वर्षांची.
वैशाखातली दुपार, कुत्रीही हातगाड्यांखालून निघत नव्हती.
बिस्किटांचे पुडे नाहीत, सोबत फोटोवाला नाही.
जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू वाळूत पसरून म्हणाल्या,
घरं मोजू या.

सुपडूआजा हसला. "बाई, आमले कोन मोजस?"
"तुम्हीच," म्हणत पेन्सिल त्याच्याच हातात दिली.
बिडीखेरीज त्या बोटांनी तसलं काही धरलं नव्हतं.
त्यानं एक चौकोन काढला. वाकडा. स्वतःचं घर.

शाई नको, बाई म्हणायच्या, माणसं हलतात.
सून येते, माग बंद पडतो, कुणी सुरतेला जातं.
खोडता आलं पाहिजे,
आणि परत लिहिता.

त्या कॅलेंडरावरून पहिला नळ आला,
सात वर्षांनी.
तोवर साहेब किती वेळा जेवायला गेलेले
ते मेहरुन्निसाचाची शेंगदाण्याच्या पुड्यांवरून सांगायची :
एका खेपेला एक पुडी, पुड्या एकतीस.
पाणी सुटलं तेव्हा हार घेऊन आम्ही बाईंना शोधतोय,
आणि त्या रांगेच्या शेपटाला,
कुणाचा हंडा कुणाआधी, त्या भांडणात.

मग दर गुरुवारी दहा-दहा रुपये, पत्र्याच्या डब्यात.
डबा चोरीला गेला. चोर आमच्यातलाच.
बाईंनी पुढच्या गुरुवारी त्यालाच हिशेबाला बसवलं.
तो सुधारला वगैरे नाही, चार महिन्यांत पळालाच.
हिशेब मात्र पैशाला पैसा जुळला.

नाल्याकडची ओळ अजूनही आषाढात शाळेत झोपते.
हे बाईंना शेवटपर्यंत खुपत राहिलं.

बाई माघात गेल्या.
दाखल्यासाठी कारकुनानं विचारलं, घर नंबर?
वही काढली. एक ते दोनशे सदुसष्ट,
पान न् पान चाळलं.
तेवीस वर्षं त्या एकेचाळीसच्या पडवीत राहिल्या,
म्हणजे आमच्याच,
आणि त्यांचा चौकोन कुठंच नाही.

आई म्हणाली, लिख.
मी पेन काढलं. कळण्याचं पीठ लागलेल्या हातानं
तिनं ते काढून घेतलं.
"बाईसना नेम मोडू नको."

पेन्सिलीचं टोक मोडलेलं. दातांनी कोरलं.
एक चौकोन काढला, पडवीएवढा.
वाकडाच आला.