खवाटा

हे हाड तसं कुणाचंच नाही, मी सांगते.
कण्याला शिवत नाही,
फासळ्यांना जोडलेलं नाही,
दुसरीपासून सातवीपर्यंत नुसतं मांसावर सरकत राहतं,
एप्रिलात तूल नदीवर बर्फाची लादी सरकते तसं.
हासळीच्या हाडाची तेवढी एक कडी.
बाकी सतरा स्नायूंच्या भरवशावर.

ऑक्टोबर. उलानबातर. नवी मुलं,
फॉर्मलिननं डोळे चुरचुरतायत.
मी बोट ठेवते: ही मागची आडवी धार,
हिच्या वर एक खळगा, खाली मोठा.
ही पुढं वाकलेली चोच, कावळ्याची म्हणतात.
ही उथळ वाटी, हात हिच्यात बसतो
आणि उथळ म्हणूनच सगळीकडं फिरतो.
तोग्तोख नावाचा गोबीकडचा पोरगा
हाड खिडकीशी धरून बघतो.
मधोमध इतकं पातळ की पलीकडची बोटं जाणवतात.
"काय दिसतं?" मी विचारते.
तो लाजतो. घरी सगळे असंच बघतात, म्हणतो.

मला ठाऊक आहे.
आमच्याकडं मामासमोर खवाटा चघळत नाहीत.
त्याचं मांस, म्हणे, सत्तर जणांत वाटावं.
आणि हाड टाकण्याआधी त्याला भोक पाडायचं,
नाहीतर कुणीही उचलून वाचेल
आपल्या घरात काय होणार आहे ते.
बाबा चाकूच्या टोकानं पाडायचे. एकच टोचा, टक्.
त्याआधी मात्र दिव्यासमोर धरायचे.
वाचायचे. सांगायचे नाहीत.

त्यांचा स्वतःचा उजवा खवाटा पाठीतून बाहेर आलेला.
भिंतीला हात रेटला की पंखासारखा उभा राहायचा,
आम्ही पोरं त्याच्या कडेखाली बोटं घालून बघायचो.
गार लागायचं.
झूडच्या हिवाळ्यात एक गाभण मेंढी
दोरीनं खांद्याला बांधून रात्रभर चालले होते.
मेंढी जगली.
हात पुन्हा डोक्यावर गेला नाही.
घोडे धरायची लांब काठी धाकट्या काकाकडं गेली,
खांदेपालट म्हणा,
त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

वीस वर्षांनी मला पुस्तकात ती नस सापडली,
मानेतून निघून कुशीवरून उतरणारी,
उघडीच, कातडीच्या जवळजवळ खाली.
करवतीच्या दात्यांसारखा एक स्नायू
तिच्या शब्दावर खवाट्याला फासळ्यांशी धरून ठेवतो.
इतकी बारीक.
मी आकृती वहीत उतरवली. नस पिवळ्या पेन्सिलीनं.

गेल्या महिन्यात ते शहरात आले,
खांदा रात्रीचा ठणकतो म्हणून.
मी फिल्म काढून घेतली, घरी आणली.
खालच्या कोपऱ्याशी एक धुरकट ठिपका,
ज्याला मी जिन्यात, बसमध्ये, दारात
नाव द्यायचं टाळलं.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली,
स्वयंपाकघरातल्या बल्बसमोर धरली,
दोन्ही हातांनी, उजवा जितका वर गेला तितका.
"चांगल्या जनावराचं आहे."
"तुमचंच आहे, बाबा."
"तेच म्हणतोय."
मग बघत राहिले. वाट, पाणी, डोंगराची धार,
कुठं काय असतं ते मला कधी शिकवलं नव्हतं.
बोट फिरत फिरत खालच्या कोपऱ्यावर आलं.
थांबलं.
मी श्वास घेतला तेव्हा माझे दोन्ही खवाटे हलले,
ते मला कळलं. एरवी कळत नाही.

काही बोलले नाहीत.
चाकू मागितला.
फिल्मला एक टोचा. टक् झालं नाही,
प्लास्टिक आधी वाकलं, मग फाटलं.

उद्या रुग्णालयात विचारतील, हे भोक कसलं.
फिल्म किटलीला टेकवून ठेवलीय.
बल्बचा उजेड भोकातून ओट्यावर पडलाय,
वाटाण्याएवढा,
आणि ते चहात मीठ ढवळतायत,
डाव्या हातानं.