दहा खेपांचं कार्ड

जानेवारीच्या दोन तारखेला
तलावाच्या दारातली बुटांची मांडणी अपुरी पडते.
बूट एकमेकांवर चढतात, बर्फ वितळून फरशीभर ओघळ,
आणि मी काउंटरवरून मोजते : एकोणचाळीस जोड.
गावात माणसं चारशे.
बाहेर अकरापर्यंत अंधार.
डोंगराने नोव्हेंबरातच सूर्य गिळलेला.

जो तो दहा खेपांचं कार्ड घेतो,
ज्याच्या त्याच्या तोंडी तेच : यंदा मात्र.
बँकेतली स्वान्हिल्दूर, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एय्विंदूर,
मागच्या वर्षीही हेच दोघं, याच ओळीत.
मी चिमट्याने पहिलं भोक पाडते, टक्,
आणि काही बोलत नाही.
बावीस वर्षं काढली या खुर्चीत.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात;
आमच्याकडे थंडीमुळे जरा जास्त टिकतात.
अकरा.

थोर्ग्रीमूर सगळ्यांत मागे उभा होता.
शहात्तर वर्षांचा, हिरवे रबरी बूट,
डाव्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
आयुष्य कॉडमागे समुद्रावर गेलं
आणि पोहता येत नाही.
तो शाळेत होता तेव्हा हा तलाव नव्हता,
पोहण्याचा वर्ग पलीकडच्या फ्योर्डात भरायचा,
त्या वसंतात नेमका घाट बंद.
पुढे बोटीवर म्हातारे म्हणायचे,
येत नाही तेच बरं, लवकर सुटका होते.

कार्ड माझ्याकडेच ठेवायला दिलं. हरवेन म्हणाला.
कार्ड, की स्वतःला, ते कळलं नाही.

एकोणीस वर्षांची एय्दीस त्याला शिकवायची.
पिवळी फळी छातीशी, पाय मागे,
आजोबा, पाय! लाथा मारा!
पाण्यावर वाफ, वाफेत त्याची लोकरी टोपी.
तीन भोकं झाली.

पंचवीस तारखेला सूर्य डोंगरावर टेकला, चार मिनिटं.
गावभर कॉफी, पॅनकेक, जॅम.
त्या दिवशी कोण पोहतंय?
मग वादळ आलं. मग रस्ता बंद.
मग त्याचा गुडघा. मग काहीच नाही,
नुसताच तो आला नाही.
मांडणीवर चौदा जोड. नऊ. सहा.

माझा संकल्प विचारू नका.
एका बाहीचा स्वेटर खणात पडलाय,
ज्याच्यासाठी घातला होता
तो पोरगा आता बापाच्या उंचीचा.

मार्चमध्ये एका मंगळवारी हिरवे बूट दिसले.
अर्ध्या तासाने तो बाहेर आला, केस कोरडे.
पोहलात?
नाही. बूट काढले. बाकावर बसलो. परत घातले.
मी खणातून कार्ड काढलं आणि टक्.
हे कशाचं? तो चिडलाच.
बुटांचं, म्हटलं.

त्यानंतर कधी नुसते बूट,
कधी फळी, कधी गरम कुंडात बसून
स्वान्हिल्दूरच्या आईशी माशांच्या भावावर भांडण.
मी सगळ्याला भोकं पाडली.
मालक नगरपालिका आहे, तिला कोण सांगतंय.

एप्रिलमध्ये त्याने फळी सोडली.
चार हात मारले, पाणी प्यायला, कठडा धरला,
आणि बोटीवरची सगळी शिवीगाळ एका दमात.
एय्दीसने शाळेच्या पोरांचे कान झाकले,
दोनच हात, तेही हसता हसता.

तेहतीस मीटर, तो म्हणाला एकदा कार्ड घेताना.
धक्क्यापासून. लोक दिवा धरून उभे होते.
कोण, ते मी विचारलं नाही.
आमचा तलाव साडेसोळा मीटर.
जाऊन येऊन, तेवढंच.

आज मांडणीवर पाच जोड,
त्यातला एक हिरवा.
दहावं भोक पाडायचं राहिलंय.
मी खणातून सुया काढते, बाहीच्या दोन ओळी विणते,
तिसरीत टाका सुटतो,
उसवते.
आतून पाण्याचा आवाज येतोय, बेताल,
कठड्यापासून लांब.