दुसरा अर्जदार

डंडीत टे नदीवरून येणारा वारा
कागद हातात टिकू देत नाही,
म्हणून कोटाच्या आत पोटाशी धरून आणले:
पगाराच्या चिठ्ठ्या, सहा महिन्यांचं स्टेटमेंट,
डेपोचं पत्र, की मॉर्व्हन गिलख्रिस्ट,
बसचालक, नोकरी कायम.

फॉर्मवर चौथी ओळ: दुसरा अर्जदार.
मी आडवी रेघ मारली.
ती जरा लांबली, चौकटीबाहेर गेली.

कर्जाचा माणूस तरुण, नखं कुरतडलेली.
माझे सहा महिने त्याने हिरव्या पेनाने वाचले.
“नऊ फेब्रुवारी, बेचाळीस पौंड?”
चष्मा. आयला त्यावर बसली.
“एकोणीस मार्च, साठ?”
शेजारच्या मिसेस डफी. शनिवारी माझी पाळी असते,
त्या आयलाला सांभाळतात. पैसे घेईनात,
म्हणून मांजराच्या खाण्याचे, म्हणून दिले.
“मांजर आहे?”
त्यांचं.
पेन थांबलं. पुढे गेलं.

“मुलीच्या वडिलांचे दोनशे दिसतात.
एप्रिलमध्ये नाहीत. जूनमध्ये नाहीत.
जुलैमध्ये ऐंशी.
हे उत्पन्न धरता येणार नाही.”
म्हटलं, साहेब,
सात वर्षं मीही धरलेलं नाही.
तो हसला नाही. मग हसला.

अंथरूण त्यांनीच मोजलं, पायही.
दोन खोल्या, तिसरा मजला, दगडी जिना,
स्वयंपाकघराच्या छताला ओल
(तिचेही पैसे वजा झाले, देव तिचं भलं करो),
आणि एकतीस वर्षं.
फिटेल तेव्हा मी अडुसष्ट,
आयला अडतीस. माझ्या आजच्या वयाहून मोठी.

रात्री तिने विचारलं,
“बँकेला कुठली खोली द्यायची?”
सध्या दोन्ही तिच्याच, मी म्हटलं.
आपण तिला हळूहळू बाहेर काढू.
“सामानासकट?”
सामानासकट. झोप आता.

आज पहिल्या फेरीला
हिलटाउनच्या चढावर, आमच्या दाराशी,
थांब्यावर कोणी नव्हतं तरी गाडी थांबवली.
वर अजून पडदे नाहीत.
दिवा जळत होता.
दोन गल्ल्या चालून आलेल्या मिसेस डफी
तिची वेणी घालत असणार, ओढून,
आणि ती ओरडत असणार.

मागून एक म्हातारा म्हणाला,
“काही राहिलं का, पोरी?”

हो, म्हटलं.
राहायचंच राहिलं होतं.

आणि गिअर टाकला.